कोकमतेल (मुठेल) : टाचांच्या भेगांवर सहा महिने वापरल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात कुडाळहून पुण्याला निघताना सासूबाईंनी कोकमतेलाचे दोन गोळे कागदात गुंडाळून पिशवीत घातले. मुठीत दाबून वळलेल्या या गोळ्यांना तिकडे मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. थंडीत माझ्या टाचांना दरवर्षी भेगा पडतात आणि कधी कधी त्यांतून रक्तही येते. म्हणून एप्रिलअखेरपर्यंत टाचांना दुसरे काहीही न लावता मी फक्त हेच तेल वापरले.

पहिला आठवडा वाया गेला आणि चूक माझीच होती. मी गोळा सरळ टाचेवर घासत होते. त्याचा भुगा पडायचा, कातडीला काहीच लागायचे नाही. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कोकमतेलाला ३८ ते ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि थंडीतली टाच तेवढी गरम नसते. या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि उरलेल्यात मुख्यतः ओलेइक आम्ल असते (तेल-तुपाचे रेणू ज्यांपासून बनतात, त्या मेदाम्लांपैकी ही दोन). त्याच्या बहुतेक रेणूंत मधल्या जागी ओलेइक आणि दोन्ही कडांना स्टिअरिक अशी एकसारखी रचना असल्यामुळे ते कोको बटरसारखे कडक आणि ठिसूळ राहते. हे मी नंतर वाचले, त्याआधी फोनवर सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता, "आधी चमच्यात पातळ कर गे, मग भेगेत सोड."

त्यानंतरचा क्रम ठरून गेला. रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय, मग टिपून घेऊन, टाच अजून ओलसर असतानाच सोसेल इतपत गरम तेल भेगेत सोडायचे आणि वर जुने सुती मोजे. हे तेल कातडीला स्वतः पाणी देत नाही. कातडीने घेतलेले पाणी उडू नये म्हणून वर घट्ट थर धरते. कोरड्या टाचेवर लावले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे मी दोन्ही पायांवर वेगवेगळे करून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात भेगांच्या कडा मऊ झाल्या, डिसेंबरअखेर चालताना होणारी कळ थांबली, आणि डाव्या टाचेची सर्वांत खोल भेग जानेवारीच्या मध्यास मिटली. फेब्रुवारीत लग्नाच्या गडबडीत आठवडाभर खंड पडताच टाचा पुन्हा खरखरीत झाल्या, त्यामुळे याला औषध म्हणायला मी तयार नाही. मधुमेह असलेल्यांनी किंवा भेग चिघळली असल्यास हा प्रयोग न करता डॉक्टरांना पाय दाखवावा.

मध्यंतरी तुलनेसाठी एक शुद्ध केलेली, पांढरी, बिनवासाची वडी ऑनलाइन मागवली. परिणामात फरक जाणवला नाही, मात्र तिच्या वेष्टनावर गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचे गुण गायले होते. ही दोन्ही द्रव्ये रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतली, म्हणजे आमसुलातली. तेल मात्र बियांचे. त्यातले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल तर पाण्यात विरघळणारे, त्याचे तेलात काय काम? वजन घटवण्याच्या ज्या दाव्यामुळे ते गाजले, तो दावा कोकमाच्या केरळी भाऊबंदावर, कुडमपुळीवर, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १३५ जणांच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत टिकला नव्हता.

सालीचा जो घरगुती उपयोग आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, तोही मार्चमध्ये करून पाहिला. अंगावर पित्त उठले तेव्हा आमसुलाचे पाणी चोळले, गार वाटले. पण अशा गांधी पुष्कळदा काही तासांत आपोआपच विरतात, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हे मला ठरवता आले नाही.

गैरसोयी सांगायलाच हव्यात. चादरीवर पडलेला डाग गरम पाण्याशिवाय निघत नाही आणि मोज्यांशिवाय फरशीवर पाऊल ठेवले तर घसरण्याची भीती असते. मी एकदा न्हाणीघराच्या दारात थोडक्यात वाचले.

पहिला गोळा फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरला. दुसऱ्याला एप्रिलमध्ये किंचित खवट वास येऊ लागला, कारण बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला तवंग काढून केलेल्या घरगुती तेलात पाण्याचा अंश राहून जातो. तो मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ठेवला, फडक्यातून गाळला आणि कोरड्या बरणीत ओतला. आधीचा वास गेला नाही, पण वाढलाही नाही, आणि आता बरणीतून खरवडून घेणे गोळा फोडण्यापेक्षा सोपे जाते.