घर मानेवाड्याला, ऑफिस आयटी पार्कात: कोड न्यायचा कसा?

"काऊन बे, पुश तर झालं म्हणते ना!" नागपुरातल्या गायत्रीनगरच्या आयटी पार्कातून मित्राचा फोन. रात्री मानेवाड्याला घरच्या पीसीवर करून पुश केलेलं, म्हणजे मधल्या रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेत) पाठवलेलं काम सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपवर दिसेना. आणि गिट स्टेटस (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) मात्र छातीठोकपणे सांगत होतं की ब्रांच, म्हणजे कामाचा धागा, ओरिजिन/मेनशी, त्या मधल्या रेपोतल्या मुख्य ब्रांचशी, अप टू डेट आहे.

"फेच मारलं का?" म्हणजे तिथले नवे बदल मागवून घेतले का, मी विचारलं. पलीकडे शांतता.

गिट स्टेटस नेटवर जातच नाही. मागच्या फेचच्या वेळी ओरिजिन जसं होतं, त्याच्याशी ताडून उत्तर देतं. कालच्या पेपरात बघून आजचं तापमान सांगावं, तसं. म्हणून दोन मशीनमध्ये कोड ने-आण करायचा मार्ग निवडताना मी वेग किंवा सोय नंतर बघतो. दोन्हीकडचं काम जुळत नसेल तर तो मार्ग तोंड उघडतो की गप्प बसतो, हे आधी.

गप्प बसण्यात पहिला नंबर ड्राइव्हच्या फोल्डरचा. अख्खा प्रोजेक्ट, आतल्या डॉट-गिटसकट (गिट इतिहास ठेवतं तो लपलेला फोल्डर), क्लाउड सिंकमध्ये टाकायचा. काही करावंच लागत नाही, म्हणून लोक फसतात. पण सिंकवाल्याला डॉट-गिटमधल्या फाइली एकमेकींवर अवलंबून आहेत हे कळत नाही. तो एक आधी पोचवतो, एक मागून. दोन्हीकडे काम झालं की 'मेन (१)' अशी जादा प्रत रेफ्सच्या, म्हणजे ब्रांचच्या नोंदींच्या, फोल्डरात येऊन बसते आणि गिट 'ब्रोकन नेम' म्हणून कुरकुरायला लागतं. ते तरी बरं, निदान दिसतं. एखादं ऑब्जेक्ट, म्हणजे इतिहासाचा एखादा तुकडा, पोचलंच नाही तर आठवड्यानंतर कळतं. गिटच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांतही असं करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. हा मार्ग सोडा.

दुसरा मार्ग, एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) थेट समोरच्या मशीनवर पुश. इथला घोळ जुना आणि मजेशीर आहे. समोर जी ब्रांच उघडी आहे तिच्यावरच पुश केलं, तर ब्रांच पुढे सरकते पण फोल्डरातल्या फाइली जुन्याच राहतात. मग तिथलं स्टेटस असं दाखवतं, जणू तुम्हीच नवे बदल उलटवून स्टेज करून, म्हणजे नोंदीसाठी तयार, ठेवलेत. तसंच कमिट मारलं, म्हणजे इतिहासात नोंदवलं, की रात्रीची मेहनत पाण्यात. २०१० मध्ये आलेल्या १.७.० पासून गिट असा पुश नाकारतं. चिडून 'रिसीव्ह डॉट डिनायकरंटब्रांच' ही सेटिंग इग्नोरवर टाकली, तर तो खड्डा पुन्हा उघडतो. टाकायचंच तर 'अपडेटइन्स्टेड' टाका. ते २०१५ च्या २.३ मध्ये आलं. समोर अर्धवट काम पडलेलं नसेल तरच ते फाइली बदलतं, नाहीतर सरळ नकार देतं.

एकाच वायफायवर हे छान चालतं. पण ऑफिसातून घरच्या पीसीवर यायचं तर पब्लिक आयपी लागतो, जो पुष्कळ ब्रॉडबँडवाले देत नाहीत. शिवाय मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली की घरचा पीसी बंद, आणि तुम्ही तिकडे हात चोळत.

उरला मधला बेअर रेपो, म्हणजे ज्यात कामाच्या फाइली नसतात, फक्त इतिहास असतो. माझं मत यालाच. गिटहब या रेपो ठेवायच्या वेबसाइटवर खाजगी रेपो २०१९ पासून फुकट आहेत. ऑफिसचा कोड मात्र स्वतःच्या खात्यावर ढकलू नका, नोकरीवर येईल. दोन्हीकडे वेगळं काम झालं की दुसरा पुश नाकारला जातो, आणि हा नकारच आपल्याला हवा असतो.

गोंधळ इथेही होतो, त्यातला एक फार भेटतो. पुश झाल्यावर कमिटच्या संदेशातली चूक दिसते, तुम्ही अमेंड करता, जबरदस्तीने पुन्हा पुश करता. अमेंड म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवीन कमिट. ऑफिसच्या मशीनवर जुनं कमिट अजून आहेच, म्हणून तिथे फेच केल्यावर 'डायव्हर्ज्ड, १ आणि १', म्हणजे वाटा फुटल्या, दोन्हीकडे एकेक वेगळं कमिट, असं दिसतं. पुलने (फेच करून लगेच आपल्या कामात जोडणं) मर्ज केलं, म्हणजे दोन्ही वाटा जोडल्या, की एकच काम इतिहासात दोनदा. तिथे स्वतःचं काही नवीन नसेल तर फेच करून ओरिजिन/मेनवर हार्ड रिसेट करा, म्हणजे आपली प्रत टाकून तिकडची घ्या. असेल तर रिबेस, म्हणजे आपलं नवं काम तिकडच्या इतिहासाच्या टोकावर पुन्हा रचणं. मी दोन्ही मशीनवर 'पुल डॉट एफएफ' ही सेटिंग ओन्लीवर ठेवलीय. इतिहास फाटला असेल तर पुल जागीच थांबतं, आपल्या मनाने मर्ज करत नाही.

स्टॅश, म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेलं काम, मात्र साध्या पुशसोबत जात नाही. घरी स्टॅश करून ऑफिसात शोधू नका; अर्धवट का होईना, वेगळ्या ब्रांचवर कमिट करा. आणि विंडोज-लिनक्स जोडी असेल, एक ओळ न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसली, तर बहुतेक दोष ओळ संपल्याच्या अदृश्य खुणेचा, जी दोन्हीकडे वेगळी असते. प्रोजेक्टमधल्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो' लिहून ती दोन्हीकडे जाऊ द्या.

मित्राच्या ऑफिसात आता बाहेरचे रेपो ब्लॉक झालेत, यूएसबी तेवढा चालतो. सीताबर्डीतून घेतलेल्या पेनड्राइव्हवर तो फोल्डर कॉपी करणार होता. त्याला गिट बंडल शिकवलं: सगळा इतिहास एका फाइलीत, आणि समोर लागणारं आधीचं एखादं कमिट नसेल तर बंडलची व्हेरिफाय कमांड तिथल्या तिथे सांगते. काल फोन आला नाही.