दुबईतला डॉल्फिन की हाजीअलीचे खडक?

दुबईला जाताना मुलांसाठी 'डॉल्फिन एन्काउंटर' (पाण्यात उतरून डॉल्फिनला हात लावण्याचा कार्यक्रम) घ्यायचा की तेच पैसे वाचवून मुंबईतच, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या हाजीअलीच्या खडकांवर समुद्रजीव दाखवायचे?

खर्च: दुबईच्या डॉल्फिन पार्कमध्ये माणशी तिकीट. पाण्यातला वेळ गटात वाटला जातो, फोन बहुधा आत नेता येत नाही, फोटोंचे पैसे वेगळे. ओहोटीची फेरी मोफत; चांगली पकड असलेले बंद बूट मात्र हवेतच, शेवाळावर चपला टिकत नाहीत.

खटपट: हाजीअलीला ती जास्त. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सहाच्या सुमारास, पुढे रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाणी अर्ध्या मीटरखाली असेल तो दिवस निवडा, तासभर आधी पोहोचा, भरती वळली की निघा. पावसाळ्यात नकोच.

काय दिसतं: समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. हात लावायचा नाही. सुबक शंकूसारखा शंख जिवंत असला तर विषारी डंख मारतो. उलटा केलेला दगड पुन्हा तसाच ठेवा.

प्राण्याचं काय: भारताने 2013 मध्येच डॉल्फिनेरियमना (डॉल्फिन कोंडून खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना) मनाई केली. स्पर्शाच्या क्षणासाठी हे विसरावं, असं वाटत नाही.

चालता न येणाऱ्या आजी-आजोबांना खडक नकोत. त्यांच्यासोबत मत्स्यालय बरं. आठ-दहा वर्षांच्या चौकस मुलांना हाजीअली.