'ऑटो की'वाला हार्मनी प्रोसेसर, साडेसोळा हजार आणि माझा कोमल रे

हे लिहायला दोन महिने लावले कारण लाज वाटत होती खरं सांगायचं तर. सतरा वर्षं गातेय, आठ वर्षं क्लास घेतेय, पोरींना रे आणि कोमल रे मधला फरक समजावते आणि मीच त्याच फरकात साडेसोळा हजाराला गेले. पण मागच्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली, तोच हिरवा टेबलक्लॉथ, तोच फोटो, म्हणून आता लिहितेच.

तर झालं असं की मी सोलो करते, गिटार आणि गाणं. साठीचे कार्यक्रम, गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टची लग्नं, कॉलेज रोडला एका कॅफेत शनिवार संध्याकाळ. पूर्वी मागे गायला दोन मैत्रिणी यायच्या पण एकीचं लग्न झालं आणि दुसरी हिंजवडीला गेली, आणि आता आयोजक एका माणसाचे पैसे देतानाच तोंड वाकडं करतात तर तिघींचे कोण देणार. म्हणून हार्मनी प्रोसेसर घ्यायचा ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पायात ठेवायचा डबा असतो, तुम्ही एक सूर गाता, तो तुमच्याच आवाजातून वरचा किंवा खालचा दुसरा सूर बनवून सोबत देतो, ऐकणाऱ्याला वाटतं मागे कोणीतरी गातंय.

आता यात मेख कुठे आहे ते आधी सांगते कारण त्या माणसाने बरोब्बर तिथेच मला पकडलं. डब्याला कळायला लागतं की तुम्ही कुठल्या पट्टीत गाताय. ते दोन तीन प्रकारे कळतं. एक म्हणजे आपण हाताने की (म्हणजे पट्टी) आणि स्केल लावायची, बॉसच्या व्हीई-२० मध्ये तसंच आहे, त्याला गिटार लावायची सोयच नाही. दुसरं म्हणजे गिटारची वायर डब्यातून न्यायची आणि तो कॉर्ड ऐकून ठरवतो, बॉसचा व्हीई-८ किंवा टीसी हेलिकॉनचा हार्मनी सिंगर तसे आहेत. आणि काहींना आजूबाजूचं वाजणं ऐकायला डब्यावरच छोटे माइक असतात, टीसी हेलिकॉनच्या व्हॉइसलाइव्ह प्लेला आहेत. आपल्याकडे भावगीतात एकाच गाण्यात शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार (ग) येतात, तिथे हाताने लावलेली की गडबडते, म्हणून मला गिटारवालाच हवा होता. मी काळी चारला गाते (पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा), गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी चे शेप धरते, आणि कॅपो असला तरी डबा खरा सूर ऐकतो म्हणजे काही सेटिंग बदलायला नको. एवढा अभ्यास झाला होता हो माझा! नवीन घ्यायला मन होईना म्हणून सेकंडहँड शोधत होते.

तेव्हा एका जाहिरातीत हा दिसला. 'इम्पोर्टेड व्होकल हार्मनी, ऑटो की, एकदम नवीन.' काळा डबा, वर छान सोनेरी अक्षरं. फोन केला तर माणूस इतका गोड बोलला, ताई ताई करत, म्हणे साउंडचं काम आहे आमचं, अंबडला गोडाऊन आहे, या बघायला, चहा घ्या. कंपनी कुठली विचारलं तर म्हणे ताई चायना नाही, एवढंच सांगतो.

नवऱ्याला घेऊन गेले. गोडाऊन खरंच होतं, स्पीकर, वायरींची भेंडोळी, गणपतीतले लायटिंगचे बार, म्हणून विश्वासही बसला. त्याने माइक लावून ठेवलाच होता. मी म्हटलं दादा मी गाऊन बघते तर म्हणे थांबा ताई, माइक माझ्या आवाजाला सेट केलाय, तुम्ही ऐका आधी. आणि त्याने 'आ' लावला. लांबलचक. सा लावला, मग म, मग प, मग परत सा. वर दुसरा आवाज असा काही बसला की माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. मी म्हटलं गिटारची वायर कुठे लावायची? तर हसला, ताई ते जुन्या मशीनला लागतं, हा ऑटो आहे, तुमचा आवाजच ओळखतो. आणि मला वाटलं असेल बाबा, टेक्नॉलॉजी पुढे गेली असेल.

इथे मी माझं गाढवपण लिहून ठेवते. मला विचारायला लाज वाटली. समोर साउंडवाला, बाजूला नवरा, आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा करून मी मान हलवली. शिवाय तो म्हणाला पुण्याहून एक जण उद्या घ्यायला येतोय, त्याने टोकनही टाकलंय, पण तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून. झालं. दोन हजार आधी, साडेचौदा नंतर, दोन्ही यूपीआयने त्याच्या पर्सनल नंबरवर. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली 'माल परत घेतला जाणार नाही', ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर.

घरी येऊन बघते तर माइकची कॅनन पिन (ती तीन पिनांची गोल) घालायला डब्याला भोकच नाही. पी-३८ जॅकच आहे, गिटारच्या वायरचा जाडा असतो तो, दोन्ही बाजूंना. त्याने सोबत एक कन्व्हर्टर वायर दिली होती ती लावली, आवाज इतका बारीक की मिक्सरवर गेन पूर्ण वर न्यावा लागला आणि मग खर्र खर्र सुरू. तरी मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मॅन्युअल नव्हतं. फोन केला तर म्हणे ताई मशीन आहे, हात बसायला आठ दिवस लागतात.

आठ दिवसांनी इंदिरानगरला एका हॉलमध्ये साठीचा कार्यक्रम. मुखडा सा आणि मध्यमावर होता, सुंदर बसला, पुढच्या रांगेतल्या काकू मागे वळून बघायला लागल्या कोण गातंय म्हणून. मग अंतऱ्यात मी धैवतावर (ध वर) गेले आणि वरून जे काही आलं ना ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. मांजराची शेपटी पायाखाली आल्यासारखं. मी घाबरून पाय आपटला तर बंद व्हायच्या ऐवजी आवाज अजून मोठा झाला. उत्सवमूर्तींच्या भावाने ब्रेकमध्ये येऊन प्रेमाने विचारलं, 'बाळ, ती मागची रेकॉर्ड कुणाची लावली होतीस? बेसूर आहे गं ती.'

दुसऱ्या दिवशी पंचवटीत आमच्या पेटीवाल्या काकांकडे डबा घेऊन गेले. काका ७४ वर्षांचे, त्यांना प्रोसेसर म्हणजे काय ते सांगण्यातच एक चहा संपला. मग म्हणाले एकेक सूर लाव. पेटीवर काळी चार धरली आणि मी एकेक सूर लावत गेले, ते वरचा आवाज पेटीवर शोधत गेले. सा ला ग आला, बरोबर, मधला एक सूर सोडून वरचा हवा असतो. रे ला म यायला हवा तर आला तीव्र म. ग ला प च्या ऐवजी कोमल ध. म आणि प ला ठीक. ध ला वरचा सा हवा, आला कोमल रे. नी ला कोमल ग. काकांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, 'अगं हा काही ओळखत बिळखत नाही. काळ्या पांढऱ्या सगळ्या मोजून चार पट्ट्या वर ढकलतो, बस. सातात तीनच वेळा बरोबर येणार.'

सा, म, प. त्या भामट्याने गोडाऊनमध्ये लावलेले तेवढेच तीन सूर. म्हणजे त्याला कळत होतं! मला पैशापेक्षा याचाच जास्त राग आहे. त्याला गाणं कळतं आणि तो त्याचा हा उपयोग करतो.

काकांच्याच घरी मी डब्याची कड नखाने उचकटली. सोनेरी अक्षरं म्हणजे स्टिकर होता, व्हिनाइलचा, गाडीच्या नंबर प्लेटवाले छापून देतात तसा. खाली गिटारचा साधा पिच शिफ्टर पेडल, म्हणजे सूर ठरावीक पट्ट्या वर किंवा खाली सरकवणारा. नॉबभोवती आकडे, नॉब चारवर, आणि तो फिरू नये म्हणून खालून फेविक्विकचा थेंब. तो वाळलेला पांढरट थेंब मी किती वेळ बघत बसले होते.

पुढचं थोडक्यात. त्याला फोन केला, म्हणाला ताई तुम्ही चेक करून नेलाय, मग नंबर ब्लॉक. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करून यूपीआयचे नंबर दिले, चौकीत लेखी अर्ज दिला. तिथले साहेब बरे होते, म्हणाले पूर्वीचं चारशेवीस आता न्याय संहितेत ३१८ झालंय ताई, जुलै २०२४ पासून, पण वस्तू हातात बघून घेतलीत ना, तो तेच म्हणणार. अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. स्टिकरचा, फेविक्विकचा आणि त्या वहीच्या पानाचा फोटोही जोडलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

कोणी घेत असाल तर बाकी काही बघू नका, आधी डब्याला माइकच्या कॅनन पिनचं भोक आहे का बघा, कंडेन्सर माइक (ज्याला बाहेरून वीज लागते तो) असेल तर डब्यात ४८ व्होल्ट आहे का विचारा, आणि आपला माइक, आपली गिटार घेऊन जा आणि स्वतः गा. सा प लावत बसू नका, थेट रे, ग, ध वर जा आणि तिथे थांबा. सेटिंगला हात लावू देत नसेल तर चहासुद्धा घेऊ नका.

तर मागच्या आठवड्यात जाहिरात परत दिसली, आता भाव बारा हजार. माझा नंबर ब्लॉक म्हणून देवळालीच्या मैत्रिणीला फोन करायला लावला. ती म्हणाली दादा घ्यायचाच आहे, आज संध्याकाळी येते, फक्त माझा माइक आणते आणि धैवतावर गाऊन बघते. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, 'ताई, तो पीस आत्ताच गेला.' रात्री साडेनऊला बघितलं तर जाहिरात होती तिथेच होती, हिरव्या टेबलक्लॉथसकट.