मेरिनोच्या नावाखाली अ‍ॅक्रिलिक, आणि वर रिफंडच्या नावाखाली 4,999 रुपये

इन्स्टावरून लोकर मागवणाऱ्या प्रत्येकीने हे वाचा. माझे 11,479 रुपये गेले. 6,480 लोकरीचे, 4,999 तथाकथित रिफंडचे.

ठाण्यात राहून लोकर लागते कशाला, असं मला पोलीस ठाण्यातसुद्धा विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकते. इथे थंडी पडत नाही हे मलाही कळतं. पण नणंद नाशिकला आहे, भाची बंगळुरूला, आणि तिला बाळ झालंय. माझ्या सुया वर्षभर चालू असतात. नौपाड्यातल्या माझ्या नेहमीच्या दुकानात अ‍ॅक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागाच मिळतो आणि बाळाच्या अंगाला मला खरी मेरिनो, म्हणजे मेंढीची मऊ लोकर हवी होती. मग ऑनलाइन बघण्यात काय चुकलं?

पेजवर लिहिलं होतं, कारखान्याचा शिल्लक माल, शंभर ग्रॅमचा गुंडा 270 रुपये. मी आठ रंगांचे प्रत्येकी तीन, असे 24 गुंडे मागवले. स्वस्त होते, मान्य. पण शिल्लक माल स्वस्तच असतो, मी पूर्वी घेतलेला आहे आणि चांगला निघालाय. शिवाय पेजवरून माझ्याशी बोलणाऱ्या माणसाला यातलं कळत होतं. 'ताई, बाळाच्या स्वेटरला 10 नंबरच्या सुया घ्या, काठाला 12 नंबर,' असं सांगत होता. असं बोलणाऱ्यावर विश्वास बसतोच. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र नव्हती. ती नसेल तर तिथेच थांबा.

आता जे आठवून अजून झोप लागत नाही ते सांगते. पैसे भरण्याआधी मी लेबलांचे फोटो मागवले होते. एका वेळी, एका भांड्यात रंगवलेल्या लोकरीला एक डाय लॉट नंबर मिळतो. म्हणूनच आपण एका स्वेटरचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घेतो, नाहीतर पाठ एका छटेची आणि बाह्या दुसऱ्या. त्याच्या फोटोत मोरपंखी, राखाडी, आमसुली, सगळ्या लेबलांवर एकच लॉट नंबर! मी फोटो बोटांनी मोठा करून तो नंबर वाचला, आणि मनात काय आलं, तर चला, सगळा माल एकाच लॉटचा आहे, बरं झालं. मोरपंखी आणि आमसुली एकाच भांड्यात रंगतील कशा? लेबल एकच छापून सगळीकडे चिकटवलं होतं. हे इतकी वर्षं विणणाऱ्या बाईला दिसायला हवं होतं. डोळ्यांसमोर होतं.

पार्सल आलं. धागा चकचकीत, हातात घेतला की करकरणारा, मध्ये मध्ये गाठी. एक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर जाळला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती विझते, आणि राख बोटांनी चुरडली जाते. हा वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. शुद्ध अ‍ॅक्रिलिक.

मी खडसावल्यावर लगेच फोन. 'सॉरी ताई, गोडाउनवाल्याची चूक. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, व्हेरिफाय झालं की सगळे पैसे एकदम परत. दहा मिनिटांत लिंक बंद होईल.' आधीचे पैसे अडकलेले, वर ही घाई. 4,999 गेले आणि नंबर ब्लॉक. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता सगळ्यांकडून ऐकतेय. घरात म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा. स्कॅन केलं की पैसे जातात, येत नाहीत.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, 'वस्तू मिळाली ना? मग ही ग्राहक तक्रार, इथे नाही.' अहो, एक वस्तू दाखवून दुसरी पाठवणं ही फसवणूक नाही? पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेतलं 318, ते कशासाठी आहे? आणि ते 4,999? त्याची कोणती वस्तू मिळाली मला? त्यावर उत्तर, 'बँकेत जा.' बँकेत म्हणाले, 'पिन तुम्हीच टाकलाय, एफआयआरची प्रत आणा.' प्रत आणायला परत पोलीस ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. एक हवालदार हसून म्हणाला, 'मावशी, लोकरीसाठी एवढे पैसे?' मी माझ्या पैशांची लोकर घेईन नाहीतर सोनं घेईन, चोराला सोडून मला प्रश्न का?

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, पैसे पुढे जाण्याआधी चोराचं खातं गोठवता येतं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार घरबसल्या करता येते, यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, पार्सलवरचं लेबल फाडू नका. लोकरीचं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि विणायला बसण्याआधी एक धागा जाळून बघा.

नेरुळ आणि कल्याणच्या दोघी भेटल्यात, त्यांनाही तेच फोटो, तोच लॉट नंबर. सोमवारी आम्ही एकत्र लेखी अर्ज देणार आहोत आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. आणखी कुणाचे पैसे तिथे गेले असतील तर सोमवारच्या आत सांगा, तुमचीही रक्कम अर्जात घालू.