कोडेक्सची बैठक आणि युरोपचा प्रशिक्षणवर्ग

अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यात भारतापुढे प्रामुख्याने दोन व्यासपीठे येतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ साली उभारलेल्या कोडेक्स आयोगात अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरतात. त्याच्या मसाल्यांच्या समितीचे यजमानपद भारताकडे असल्याने जिरे-मिरीचे निकष ठरताना आपण नुसते श्रोते नव्हतो. मात्र मानकाचा मसुदा आठ टप्प्यांतून जातो आणि त्यात वर्षे उलटतात. युरोपीय आयोगाचा २००६ पासूनचा प्रशिक्षण उपक्रम अन्य देशांच्या अधिकाऱ्यांनाही तपासणीची पद्धत शिकवतो. तिथे नियम मात्र युरोपचेच, त्यावर चर्चेला वाव नाही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक चांगलाच ठाऊक आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा युरोपने ठरवलेली नाही, त्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच सर्वसाधारण मर्यादा लागू होते आणि अशा वेळी कोडेक्सचा सैल आकडा दाखवून कंटेनर सुटत नाही. म्हणून निर्यातीच्या हंगामापुरते पाहिले, तर प्रशिक्षित नमुना-तपासनीस अधिक उपयोगी ठरतो. पण (हे आपल्याकडे सहसा विसरले जाते) जागतिक व्यापार संघटनेतील वादात आधार म्हणून कोडेक्सचेच मानक मांडता येते, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हे.