सिअर्स गेलं, पाने राहिले: जुन्या क्राफ्ट्समनचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हंजे ज्यांना घाई आहे ते सुटले. क्राफ्ट्समन म्हंजे सिअर्स या अमेरिकन दुकानाचा हत्यारांचा ब्रँड, त्याची जुनी हत्यारं, पाने, गोट्या म्हंजे सॉकेट, त्या फिरवायचे रॅचेट, पकडी, ज्यांच्यावर यूएसए ठोकलेलं आहे, ती कुणाच्या गॅरेज सेलमध्ये दिसली तर फार घासाघीस करत बसू नका, उचला. पाचपैकी साडेचार. आत्ता लोज या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते नवीन क्राफ्ट्समन घरगुती कामाला पाचपैकी तीन, वाईट नाही पण कुणाला बोलावून दाखवावं असंही नाही. आणि ज्या दुकानामुळे हे नाव झालं त्या सिअर्सला स्टार देऊन आता उपयोग नाही, आमच्या इलिनॉयमधलं त्यांचं शेवटचं दुकान २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झालं, शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमधलं, आणि मी नेमका तिथलाच गिऱ्हाईक.

या वुडफील्ड नावातला ‘वुड’ म्हणजे रॉबर्ट वुड, सिअर्सचा जुना चेअरमन, आणि ‘फील्ड’ म्हणजे शिकागोचा दुसरा मोठा दुकानदार मार्शल फील्ड. १९७१ मध्ये मॉल उघडला तेव्हा ही दोन नावं इतकी मोठी होती की मॉलचं बारसंच त्यांच्यावरून झालं. आज दोन्ही दुकानं तिथे नाहीत, पाटी तेवढी आहे.

भारतातल्या मंडळींना सिअर्स म्हंजे नक्की काय ते कळायला अवघड जाईल कारण आपल्याकडे तसं एकच दुकान कधी नव्हतंच. १८८६ च्या आसपास रिचर्ड सिअर्स नावाच्या माणसाने टपालाने घड्याळं विकायला सुरुवात केली, मग रोबक जोडीला आला, शिकागोत बस्तान बसलं आणि जाडजूड कॅटलॉग निघायला लागला, शेतावर राहणारा माणूस त्यात बघून नांगराच्या फाळापासून लग्नाच्या अंगठीपर्यंत सगळं टपालाने मागवायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या काळात काळ्या माणसाला गावातला दुकानदार सगळ्या गोऱ्या गिऱ्हाइकांचं होईस्तोवर ताटकळत ठेवायचा, त्या काळात कॅटलॉगला रंग दिसत नव्हता हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. अख्खी घरं विकायचे हो! १९०८ ते १९४० मध्ये सत्तर हजारांच्या वर घरं विकली, लाकूड कापून नंबर टाकून रेल्वेच्या डब्यातून यायचं, सोबत खिळे आणि रंगसुद्धा, तुम्ही फक्त उभं करायचं. आमच्या जवळच्या एल्जिनमध्ये अशी बरीच घरं अजून उभी आहेत आणि लोक राहतात त्यात. पहिलं दुकान १९२५ चं, तेही शिकागोतच. १९७३ मध्ये जगातली सगळ्यात उंच इमारत बांधली, ११० मजली सिअर्स टॉवर. २००९ मध्ये तिचं नाव विलिस टॉवर झालं पण इथल्या जुन्या माणसासमोर विलिस म्हणून बघा, तोंडाकडे बघत राहील.

आता हत्यारांकडे येतो. क्राफ्ट्समन हे नाव सिअर्सने १९२७ मध्ये घेतलं, पण सिअर्सचा स्वतःचा पान्यांचा कारखाना असा नव्हता, दुसऱ्यांकडून बनवून घ्यायचे आणि आपलं नाव ठोकायचे. स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी बरीच वर्षं कोलोरॅडोच्या वेस्टर्न फोर्जकडून यायच्या, रॅचेट आणि सॉकेट डॅनाहरकडून. म्हंजे पोलाद दुसऱ्याचं. सिअर्सचं स्वतःचं होतं ते काउंटर, आणि माझ्या मते खरी वस्तू तीच होती.

काउंटरवर काय व्हायचं ते सांगतो. आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर म्हातारा राहायचा, त्याचा स्क्रू ड्रायव्हर वाकला. वाकला कसा तर रंगाचे डबे उघडणं, फरशी उचकटणं, छिन्नी म्हणून वर हातोडी घालणं, स्क्रू सोडून सगळ्याला तो वापरलेला. तर हा बाबा तो वाकडा दांडा घेऊन निघाला, मीही मागे, मला वाटलं आता हुज्जत बघायला मिळणार. काउंटरच्या पोराने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, क्राफ्ट्समन नाव बघितलं आणि म्हणाला, जा रॅकवरून तसाच नवा घेऊन ये. बस. पावती विचारली नाही, कधी घेतला विचारलं नाही, कशाने वाकला ते तर नाहीच नाही. जुना काउंटरखालच्या बादलीत टाकला, टण्ण आवाज झाला, आणि म्हातारा नवा घेऊन बाहेर. पण बाहेर सरळ नाही आला! जाताना गवत कापायची मशीनं लागली, मग मोटारीच्या तेलाचे कॅन, त्याने दोन कॅन घेतले, मी उगाच एक टॉर्च घेतला. धंदा असा चालायचा.

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम तिथे घेऊन गेलो. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपात आयुष्यभर मेकॅनिक, मॉलमध्ये त्यांना काडीचा रस नाही, आईच्या मागे पिशव्या धरून चेहरा पाडून चाललेले. हत्यारांच्या विभागात शिरल्यावर माणूस बदलला. गोटी पान्याचा सेट उघडून रॅचेट कानाशी नेला आणि बारीक बारीक फिरवत कट्कट ऐकत बसले, मग रिंग पान्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवून बघितलं, क्रोमवर अंगठा घासला, तोंडाची बाजू उजेडात धरून डोळा बारीक केला. मग म्हणाले, ‘‘तेराचा कुठाय?’’ इथे सगळं इंचात, पाव इंच, अर्धा इंच, नऊ सोळांश, ते बघून वैतागले, मिलिमीटरवाला सेट शोधून दिला तेव्हा शांत झाले. मी गॅरंटीचं सांगितलं, की तुटला तर जन्मभर बदलून देतात, पावती लागत नाही. बाबा काउंटरकडे बघत म्हणाले, ‘‘पावती नको, तारीख नको, आणि जन्मभर? मग हे खातात काय?’’

तो सेट त्यांनी सामानातून पुण्याला नेला, वजनावरून आईशी भांडण झालं कारण तिला बदाम आणि चॉकलेटं न्यायची होती. घरात नाशिकची टपारियाची पक्कड आणि पाने होतेच, आणि ते काही कमी नाहीत बरं का, पण हा सेट आजही वेगळ्या कपाटात असतो आणि शेजाऱ्यांना उसना मिळत नाही.

रॅचेटवरून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. रॅचेटच्या डोक्यावर मागे एक बटण असतं, अंगठ्याने दाबलं की सॉकेट सुटून हातात पडतं. तेलाने हात बरबटलेले असताना हे बटण काय चीज आहे ते ज्याने बिनबटणाच्या रॅचेटचं सॉकेट ओढून काढलंय त्यालाच कळेल. हे शोधलं पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोराने, मॅसॅच्युसेट्समधल्या सिअर्सच्या दुकानात कामाला होता, वय जेमतेम अठरा, आणि केलं फावल्या वेळात. १९६५ मध्ये पेटंट मिळालं. सिअर्सने त्याला दहा हजार डॉलरवर गुंडाळलं, आणि स्वतः त्या बटणावर कोट्यवधी कमावले. पोरगा कोर्टात गेला, वीस वर्षं खटला चालला, शेवटी १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणून जेव्हा कुणी जुनं सिअर्स कसं सज्जन होतं म्हणून गळा काढतं तेव्हा मला हा पोरगा आठवतो. गिऱ्हाइकाशी सज्जन होतं एवढंच म्हणू.

आणि हत्यारं तरी सगळी कुठे ग्रेट होती. पगारी मेकॅनिक लोक तेव्हाही स्नॅप-ऑन या दुसऱ्या हत्यारकंपनीच्या फिरत्या गाडीवरून हप्त्याने घ्यायचे, क्राफ्ट्समन हे घरच्या गॅरेजमधल्या माणसाचं, शेतकऱ्याचं, नव्या शिकाऊ पोराचं हत्यार. जुन्या रॅचेटला छत्तीस दाते, म्हणजे एक खटका पडायला दांडा पूर्ण दहा अंश फिरवायला लागतो, अडचणीच्या जागी इंजिनच्या मागे हात घालून बसलात की तेवढी जागाच नसते आणि शिव्या येतात. जन्मभराची गॅरंटी फक्त हातहत्यारांना होती, विजेच्या ड्रिलला नाही, हे बरेच लोक विसरतात. रॅचेट बिघडला तर कित्येकदा नवा न देता दुरुस्त केलेला जुनाच हातात द्यायचे. आणि तो वास! क्राफ्ट्समनचे पारदर्शक मुठीचे स्क्रू ड्रायव्हर पेटीत वर्षानुवर्षं बंद राहिले की मुठीवर पांढरी बुरशीसारखी पावडर धरते आणि पेटी उघडली की अक्षरशः ओकारीचा वास येतो. त्या प्लॅस्टिकमधून ब्युटिरिक ॲसिड सुटतं, नासलेल्या लोण्यातही तेच असतं. साबणाच्या गरम पाण्याने पुसलं की काही महिने जातो, मग परत येतो. बायकोने ती पेटी घरात आणायला कायमची बंदी घातली आहे.

दुकान बुडालं का, तर लोक ॲमेझॉनकडे बोट दाखवतात, मला ते अर्धवट वाटतं. १९९० च्या सुमारालाच वॉलमार्ट पुढे गेलं होतं, हत्यारं घ्यायला होम डेपो आलं होतं. सिअर्सने मोठा कॅटलॉग बंद केला १९९३ मध्ये, ॲमेझॉन सुरू झालं १९९४ मध्ये, शंभर वर्षं घरपोच माल पाठवायचा अनुभव असलेल्या कंपनीचं हे टायमिंग बघा. मग २००५ मध्ये एडी लॅम्पर्ट नावाच्या गुंतवणूकदाराने केमार्ट ही दुसरी दुकानांची साखळी आणि सिअर्स एकत्र केलं आणि पुढची गोष्ट म्हंजे पडक्या वाड्याचे वासे विकून घर चालवण्यासारखी. कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेण्यात अब्जावधी घातले, दुकानांवर खर्च करायला मात्र हात आखडता. २०१४ मध्ये लँड्स एंड हा कपड्यांचा ब्रँड वेगळा काढला, २०१५ मध्ये दोनशेवर दुकानांच्या जागा सेरिटेज नावाच्या कंपनीकडे गेल्या, २०१७ मध्ये क्राफ्ट्समन स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकलं, साधारण नव्वद कोटी डॉलरचा सौदा. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरी. शेवटच्या काळात वुडफील्डला गेलो की हत्यारांच्या रॅकला नुसतेच हुक दिसायचे. सिअर्सचं हॉफमन इस्टेट्सचं हेडक्वार्टर इथून जवळच, तेही डेटा सेंटरवाल्यांनी घेऊन पाडलं.

नवीन मालकाने गॅरंटी ठेवली आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, लोजमध्ये, एस हार्डवेअरमध्ये बदलून मिळतं. त्यांचे नवे रॅचेट बहात्तर दात्यांचे मिळतात, अडचणीच्या जागी जुन्यापेक्षा सरस. पण माल बराचसा आशियातून येतो, आणि सिअर्सच्या शेवटच्या वर्षांतच ते सुरू झालं होतं, तेव्हा एकट्या स्टॅनलीला शिव्या घालायचं कारण नाही. त्यांनी टेक्सासच्या फोर्ट वर्थला पुन्हा अमेरिकेत पाने बनवायचा कारखाना २०१९ मध्ये जाहीर केला, नऊ कोटी डॉलरचा, सगळा ऑटोमॅटिक, पण मशीनं काही नीट चालली नाहीत आणि २०२३ मध्ये टाळं लागलं. मला याचं खरंच वाईट वाटलं, झालं असतं तर पहिल्या दिवशी जाऊन घेतला असता.

तेव्हा जुना माल कुठे मिळेल, तर एस्टेट सेल. म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की घर उघडून सगळं विकायला काढतात, लोक भांडी आणि फर्निचरकडे धावतात, तुम्ही सरळ तळघरात किंवा गॅरेजमध्ये जायचं. पान्यावर फोर्ज्ड इन यूएसए बघायचं, आकड्याजवळ इंग्रजी व्ही ठोकलेला असेल तर अजून चांगलं, हौशी लोक तेच शोधतात. वरचा गंज जातो, पण तोंड फाकलेला पाना घेऊ नका, बोल्टचे कोपरे खाऊन गोल करून ठेवेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना रॅचेट अडकला म्हणून बदलून घ्यायला जाऊ नका, तो त्यांच्याकडे राहील आणि तुमच्या हातात आजचा येईल. घरी उघडा. झाकणाचे दोन स्क्रू असतात, पण खाली ताट घ्या कारण आतली बारकी स्प्रिंग आणि छर्रा टुणकन उडतात आणि गॅरेजच्या फरशीवर पुन्हा सापडत नाहीत. रॉकेलने धुवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा, वाळू द्या, आणि मग हलकं तेल किंवा अगदी नखभर ग्रीस. जास्त भरलंत तर दात्यांत अडकणारी खिट्टी चिकटून राहते आणि रॅचेट दोन्हीकडे मोकळाच फिरतो.