सहा की दहा? ब्रेकर घेण्याआधी डीपीकडे बघा

"दोन्ही त्रेसष्टचेच हायेत ना भाऊ, मंग महागाचा कायले घ्याचा?" मनीषनगरच्या एका अपार्टमेंटच्या सचिवांनी काउंटरवरचे दोन एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की वीज तोडणारे छोटे ब्रेकर) हातात घेऊन मला विचारलं. प्रश्न रास्त होता. रंग तोच, आकार तोच, अँपिअर तेच. फरक समोरच्या छोट्या चौकटीत होता. एकावर ६०००, दुसऱ्यावर १००००, म्हणजे ६ आणि १० किलोअँपिअर.

त्रेसष्ट हा रोजच्या लोडचा आकडा. चौकटीतला आकडा शॉर्ट सर्किटच्या एका क्षणाचा: ब्रेकर जास्तीत जास्त केवढा करंट तोडू शकतो तो. फेज थेट न्यूट्रलला किंवा दुसऱ्या फेजला भिडला की करंट हजारो अँपिअरवर जातो. ब्रेकरचे काँटॅक्ट उघडतात, त्यांच्यात ठिणगी ताणली जाते आणि आतल्या पत्र्यांच्या जाळीत तुकडे होऊन विझते. करंट चौकटीतल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर ती विझेलच असं नाही. मी एकदा असा फुटलेला एमसीबी उघडला होता. जाळीचे पत्रे एकमेकांत वितळून चिकटलेले, कवच उभं चिरलेलं, शेजारच्या दोन्ही एमसीबींवर काजळी. आणि हा ब्रेकर ट्रिप झाला होता बरं का. लिव्हर खालीच होता.

म्हणून सहा की दहा हे घरात एसी किती आहेत त्यावरून ठरत नाही. डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, केवढा आणि किती लांब, त्यावरून ठरतं.

हिशेब अवघड नाही. डीपीच्या प्लेटवर केव्हीए (क्षमता) आणि टक्के इम्पीडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) लिहिलेला असतो. ३१५ केव्हीए, ४३३ व्होल्टचा फुल लोड करंट ४२० अँपिअर. इम्पीडन्स ४.५ टक्के असेल तर ४२० भागिले ०.०४५, म्हणजे साधारण ९,३०० अँपिअर. हा डीपीच्या टर्मिनलवरचा कमाल आकडा, प्रत्यक्षात थोडा कमीच भरतो. याच रीतीने १०० केव्हीएला ३ किलोअँपिअर आणि २०० ला ६ च्या जवळ येतात.

केबल हा आकडा भराभर खाते. त्याच ३१५ च्या डीपीपासून २५ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम केबल ३० मीटर नेली तर तिन्ही फेजच्या फॉल्टला (शॉर्ट सर्किटला) ९,३०० चे ५,००० च्या आत येतात. पुढे फ्लॅटपर्यंतची बारीक वायर आणखी खाली आणते. सचिवांना मी हेच सांगितलं: फ्लॅटमधल्या बोर्डांना ६ किलोअँपिअर पुरेत, तिथे पैसे घालू नका. पण तुमची मीटररूम डीपीच्या कुंपणाला लागून आहे आणि केबल जाड आहे, म्हणून तिथे १० च्या खाली उतरू नका. इन्कमर (सगळ्यात आधीचा मुख्य ब्रेकर) तर एमसीसीबीच (एमसीबीपेक्षा मोठा, औद्योगिक ब्रेकर) घ्या.

(उन्हाळ्याचं यात आणू नका. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की बंद बोर्डातला एमसीबी लवकर ट्रिप होतो, कारण त्याचा थर्मल भाग ३० अंशांवर जुळवलेला असतो. तो अँपिअरचा प्रश्न आहे, किलोअँपिअरचा नाही.)

कारखान्यात खेळ बदलतो. कळमन्याकडची एखादी दालमिल धरा. स्वतःचा ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पीडन्स, म्हणजे जवळपास १७ किलोअँपिअर. त्यात चालू मोटारी फॉल्टच्या पहिल्या क्षणी उलटा करंट ढकलतात. तो धरून १९ म्हणू. आता दोन एमसीसीबी समोर आहेत. एकाचा आयसीयू ३६ आणि आयसीएस ५० टक्के. दुसऱ्याचा आयसीयू २५ आणि आयसीएस १०० टक्के. दुकानदार ३६ पुढे सरकवेल. मी २५ चा घेईन.

आयसीयू म्हणजे हॉस्पिटलातलं नव्हे, तरी अर्थ फार लांब नाही. तेवढा फॉल्ट ब्रेकर तोडेल, पण नंतर कामाचा राहील याची हमी नाही. आयसीएसपर्यंतचा फॉल्ट तोडून तो पुन्हा लोड घ्यायला तयार असतो. ३६ चे ५० टक्के १८ होतात, आपला फॉल्ट १९. सीझनमध्ये मिल बंद ठेवून नवा ब्रेकर शोधत फिरायचं नसेल तर आयसीएस बघा. एमसीबीच्या चौकटीतला आकडा घरगुती ब्रेकरच्या आयएस/आयईसी ६०८९८ मधला, हे दोन औद्योगिक ६०९४७-२ मधले. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या, म्हणून आकडे थेट एकमेकांशी लावू नयेत.

वर मोठा एमसीसीबी असेल तर खाली कमी किलोअँपिअरचा एमसीबी चालतो असंही सांगतात. चालतो, पण त्याच जोडीची चाचणी झालेली असेल आणि कंपनीच्या तक्त्यात ती जोडी छापलेली असेल तरच. एका कंपनीचा वर आणि दुसऱ्याच कंपनीचा खाली लावून मनाने ठरवू नका.

पॅनेलवाल्याकडून कोटेशन घेताना लोक ब्रेकरचा मेक विचारतात, बसबारचा (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा) आकडा विचारत नाहीत. तिथे "२५ केए, १ सेकंद" असं, म्हणजे २५ किलोअँपिअर एक सेकंद सोसेल असं, लिहून मागा. फॉल्टच्या क्षणी बसबारवर येणारा जोर करंटच्या वर्गाने वाढतो. करंट दुप्पट झाला की जोर चौपट. सपोर्ट लांब लांब असतील तर पट्ट्या वाकून एकमेकींना भिडतात. मग ब्रेकर कितीही चांगला असो, फॉल्ट त्याच्या आधीच, बसबारवर बसलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ मी जुन्या पॅनेलमध्ये पाहिला आहे. लोड वाढला म्हणून २०० चा ट्रान्सफॉर्मर काढून ६३० चा बसवतात, पॅनेल मात्र तेच, आत १० किलोअँपिअरचे एमसीबी तसेच. लाइट लागते, मोटार फिरते, कोणाला काही खटकत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कोटेशनसोबतच कॉन्ट्रॅक्टरकडून नवीन फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटला येणारा कमाल करंट) लेखी घ्या आणि प्रत्येक ब्रेकरवरचा आकडा तिच्याशी लावून बघा.